ठाण्याहून आणलेली बिस्किटं

कोपरीच्या खाली खाडीला लागून आगऱ्यांचा एक पाडा होता. त्या पाड्यात बायजाचं नाव एकाच गोष्टीसाठी घेतलं जाई. तिला साहेबाची बिस्किटं येत. ती बिस्किटं पाड्यात कुणी खाल्ली नव्हती, कुणी डोळ्यांनी पाहिलीही नव्हती, आणि त्यामुळेच त्यांची कीर्ती अकरा वर्षांत जराही कमी झाली नव्हती.

खरी हकीकत लहानशी होती. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी अवकाळी पावसाने आगरातलं मीठ धुऊन नेलं, तेव्हा बायजा ठाण्याला तळ्याजवळच्या एका बंगल्यावर कामाला लागली. काम भांडी घासायचं. चौदा महिने तिने भांडी घासली. दर शनिवारी मडम स्वतः बबर्जीखान्यात, म्हणजे बंगल्याच्या स्वयंपाकघरात, उतरे आणि बोटभर जाडीची गोल बिस्किटं भाजून त्यांवर साखरेचा पांढरा जाड थर चढवी. त्यातलं एक फुटकं बिस्किट एकदा बायजाला मिळालं. ते तिने मोरीपाशी उभ्याने खाल्लं, आणि त्यानंतर पुरणपोळीसुद्धा आपल्याला बेताचीच लागते असं ती सांगे. तिच्या सगळ्या सांगण्यात तेवढं अगदी खरं होतं.

घरी परत आल्यावर पहिल्या वर्षी तिने सांगितलं की मडमेला अंडी मी नेऊन द्यायची. तिसऱ्या वर्षी ती अंडी फेटायलाही लागली. सहाव्या वर्षापर्यंत मडमच तिला विचारू लागली होती, "बायजा, साखर आता किती घालू?" हे तिने ठरवून केलं असं नाही. वाफ्यात खाडीचं पाणी घेतलं की चार दिवस काहीच दिसत नाही आणि मग तळाला मीठ धरलेलं असतं, तसं ते आपोआप धरत गेलं.

पाड्यात एकट्या ठमाबाईचा यावर विश्वास नव्हता. ठमाबाई म्हणजे पाड्याची धवलारीण. आगऱ्यांच्या घरचं लग्न भटजी लावत नाही, धवले गाणारी बाई लावते. त्यामुळे पाड्यातली चाळिशीच्या आतली झाडून सगळी जोडपी ठमाबाईच्या गळ्यातून निघालेली होती आणि तिच्यापुढे मान वर करून बोलायची कुणाची छाती नव्हती. "येतान तर कर ना गो एकदा," ती विहिरीवर म्हणे. बायजा म्हणे, "मैदा कुठं हाय? मोरस साखर कुठं हाय? साहेबाची भट्टी कुठं हाय?" भट्टी कुठेच नसल्यामुळे बोलणं तिथे संपे आणि दोघी आपापले हंडे उचलून चालू लागत.

बिस्किटांचं ते बोलणं पुन्हा निघालं भिवामुळे. भिवा बायजाचा नवरा. दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस, आणि त्यातली दोन मिठाबद्दल असत. बापजाद्यांचं अकरा वाफ्यांचं आगर तो एकटा ओढत होता. बारावा वाफा त्याचा आजा घालणार होता, पण त्या साली त्याची कंबर धरली आणि मग ते राहूनच गेलं.

माघ महिन्यात मीठखात्याचा कारकून त्र्यंबकराव पाड्यावर आला. राघो पाटलाच्या अंगणात उभ्याउभ्याच त्याने सांगितलं की लहान लहान आगरांवर पहारा ठेवून सरकार कंटाळलं आहे. तेव्हा बारा वाफ्यांच्या आतलं प्रत्येक आगर साहेब स्वतः येऊन पाहणार आणि ठेवायचं की बुजवायचं ते ठरवणार. इथे शुक्रवारी येणार. एवढं सांगून तो पाणीही न पिता निघून गेला. आगऱ्याच्या घरचं पाणी तो तसंही प्यायला नसता.

पाड्यात बाराच्या आतलं आगर एकच होतं. भिवाला शेत नव्हतं, होडी नव्हती, मिठाखेरीज दुसरं काही येत नव्हतं. आगर गेलं तर कल्याणकडे जाऊन आगगाडीच्या रुळांवर खडी फोडायची, एवढीच वाट होती. बायजाने ती खडी फोडणारी माणसं पाहिली होती. भिवाला त्यांच्यात उभा करून बघणं तिला मनातल्या मनातही जमेना.

साहेबाला काय द्यावं यावर संध्याकाळी राघो पाटलाकडे बैठक बसली. आधी जिताडा निघाला. कुणीतरी म्हणालं, साहेबाला मासा काट्यावाचून लागतो. मग कोंबडी निघाली. पण खाडीकाठच्या आठ गावांतून साहेबाला आठ कोंबड्या मिळाल्या होत्या आणि आठही आगरं बंद झाली होती. तेव्हा भिवा उभा राहिला.

"माझे बायकोला साहेबाची बिस्किटं येतान," तो म्हणाला. "ती खाल्ली तं साहेब आगर बंद नाय करनार."

बायजा बायकांच्या घोळक्यात बसली होती. नवऱ्याने चारचौघांत आपलं कौतुक करावं, अशी तिची फार वर्षांची इच्छा होती. ती अशी पुरी होईल हे तिला ठाऊक नव्हतं. शेजारून ठमाबाई हळूच म्हणाली, "सांग ना गो आता, भट्टी नाय म्हनून."

त्यावर बायजाने मान ताठ केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "भट्टीवाचून करीन."

नाही म्हणायला तिच्याकडे तेवढा एकच क्षण होता आणि तो तिने ठमाबाईवर खर्च केला.

मैदा आणि पांढरी मोरस साखर ठाण्याच्या बाजारातून आली. अंडी आणि लोणी ठाकुर्लीहून, बायजाच्या माहेराहून, होडीने आलं. बुधवारी सकाळी दार लावून बायजा चुलीपुढे बसली. पहिली खेप तिने तव्यावर केली. ती खालून कोळसा झाली आणि वरून पिठाचा गोळाच राहिली. दुसरी खेप केळीच्या पानात बांधून निखाऱ्यांत पुरली. ती पानासकट निघाली आणि पानासकटच टाकावी लागली. तिसऱ्या खेपेत तिने अंडी जास्त घातली. जे तयार झालं ते कुत्र्याने हुंगलं आणि तो परत आपल्या जागी जाऊन झोपला.

दुपारी भिवा आगरातून आला तेव्हा ती चुलीपाशी रडत होती. त्याने आधी टोपात पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि पाय न धुताच खाली बसला.

"मी कई केलीच नाय," बायजा म्हणाली. "मी भांडी घासायची. मडम करायची आनि मी भांडी घासायची. अकरा वर्सं सगल्यांना खोटा सांगितला. तुमाला पन."

भिवा ओरडेल, हात उगारेल, निदान उठून बाहेर तरी जाईल, असं तिला वाटत होतं. यातलं काही झालं असतं तर तिला बरंच वाटलं असतं.

"भांडी कनची घासायचीस?" त्याने विचारलं.

"सगली."

"बिस्किटांची?"

"ती पन."

"मंग भांड्याला काय लागलेला असायचा, ता आठव."

बायजाने पदराने डोळे पुसले आणि आठवू लागली. आणि मोठी नवलाची गोष्ट अशी की तिला सगळं आठवलं. चौदा महिने तिने दुसरं पाहिलं तरी काय होतं? मोठ्या वाडग्याला आधी लोणी-साखरेचा लगदा चिकटलेला असे, पीठ त्याच्यावर असे. म्हणजे लोणी आणि साखर आधी फेसायची, पीठ मागून. साखरेच्या थराचं भांडं वेगळं, काचेचं. ते धुवायला गार पाणी चालत नसे, कढतच लागे. त्यात अंड्याचा पांढरा भाग असे, पिवळा कधीच नसे. पिवळा झाकून ठेवलेल्या वाटीत असे आणि ती वाटी बबर्जी दुसऱ्या दिवशी घेई. लिंबाच्या बिया असत, दोन किंवा तीन. आणि भाजायच्या पत्र्याचा तळ, एवढी भट्टी पेटलेली असूनही, कधी काळा झालेला नसे.

"पत्रा काला नाय, म्हंजी इस्तव पत्र्याला लागत नसनार," भिवा म्हणाला. दिवसाचं त्याचं हे सहावं की सातवं वाक्य होतं. तो उठला आणि टोपलीभर जाडं मीठ घेऊन आला. मोठ्या टोपाच्या तळाला त्याने चार बोटं मीठ पसरलं, त्यावर थाळी ठेवली, टोपावर परात उपडी घातली आणि परातीवर निखारे ओतले. मीठ तापायला वेळ लावतं पण एकदा तापलं की सगळीकडून सारखं तापतं. भिवाला बिस्किटांतलं काही कळत नसलं तरी मिठातलं कळत होतं.

गुरुवारी दुपारपर्यंत बिस्किटं जमली. कडेला तांबूस, मध्ये पांढुरकी, दाबली तर दबून परत वर येणारी. साखरेचा थर मात्र संध्याकाळपर्यंत वाळेना. बोट लावलं की बोटालाच येई. भिवाने येताजाता एकदा पाहिलं आणि म्हणाला, "पाटे मतलईवर ठेव." मतलई म्हणजे पहाटे जमिनीकडून खाडीकडे सुटणारा कोरडा वारा. बायजाने शुक्रवारी भल्या पहाटे नवी बिस्किटं भाजली, गार केली, थर चढवला आणि सुपात मांडून ती मतलईवर धरली. सूर्य वर यायच्या आत थर असा कडक झाला की नखाने वाजवला तर वाजला. एक तिने खाल्लं. मोरीपाशी खाल्लेल्या त्या फुटक्या बिस्किटापेक्षा ते चांगलं होतं. तिने स्वतःशी दोनदा विचार करून पाहिला, तरी ते चांगलंच होतं.

साहेब दहाच्या सुमाराला आला. उंच, उन्हाने लाल झालेला आणि अतिशय न्यायी. मराठी तो पुण्याच्या कुणा शास्त्रीबुवांकडे शिकलेला होता आणि शास्त्रीबुवांसारखीच बोलत होता. त्याने अकरा वाफे पायांनी मोजले, मीठ तळहातावर चोळलं, जिभेला लावलं आणि "स्वच्छ आहे" एवढंच म्हणाला. मग त्र्यंबकरावाला बाजूला घेऊन काही सांगितलं आणि राघो पाटलाच्या अंगणात त्याच्यासाठी मांडलेल्या खुर्चीवर येऊन तो बसला. त्र्यंबकराव शेजारी चटईवर दौत उघडून लिहायला लागला. पाडा सभोवती उभा राहिला.

तेवढ्यात बायजा ताट घेऊन आली. त्र्यंबकरावाने आपली चटई ताटापासून दोन हात मागे ओढली.

साहेबाने एक बिस्किट खाल्लं. मग काही न बोलता दुसरं खाल्लं. तिसरं हातात घेऊन तो डोळे मिटून बसला, आणि पाडा श्वास धरून त्याच्या मिशांवरची साखर बघत राहिला.

"बाई," तो म्हणाला, "ही आपण स्वहस्ते केलीत काय?"

"हां साहेब," बायजा म्हणाली. तिच्या आयुष्यात एवढं खरं उत्तर तिने या विषयावर पहिल्यांदाच दिलं होतं.

इथेच थांबलं असतं तरी पुष्कळ होतं. पण राघो पाटलाला गप्प राहवेना. "अकरा वर्सं करते साहेब," तो पुढे होऊन म्हणाला. "आख्खा ठाना मागतंय हिची बिस्किटं. हिला उसंत नाय." यातलं अक्षरही कुणी त्याला सांगितलेलं नव्हतं.

साहेबाचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मला परम संतोष वाटतो," तो म्हणाला. "आगर गेल्यावर या कुटुंबाने खावे काय, ही मला मोठी विवंचना होती. ती आता दूर झाली. त्र्यंबकराव, लिहा."

त्र्यंबकरावाने लिहिलेला कागद वर धरला आणि पाड्याला समजेल अशा भाषेत सांगितलं की सरकारचं कलम असं आहे. ज्या घराला पोटाचा दुसरा आधार नाही, त्याचं लहान आगरही राहू द्यायचं. साहेबांनी भिवाच्या घराबद्दल "दुसरा आधार नाही, सबब आगर कायम" असं मघाशी वाफ्यांवरच सांगितलं होतं आणि त्याने ते लिहूनही ठेवलं होतं. आता ते खोडावं लागेल. असं म्हणून त्याने "नाही"वर एक सरळ रेघ मारली.

"ह्या कलम तुमी आदी कनाला नाय सांगितलात?" राघो पाटलाने विचारलं.

"कोणी विचारलं नाही," त्र्यंबकराव म्हणाला, आणि हे खरंच होतं.

बायजाने भिवाकडे पाहिलं. तो आगराच्या दिशेला बघत होता, कुणी त्याला कल्याण किती कोस आहे एवढंच सांगितल्यासारखा शांत. मग तो तिच्याकडे वळला आणि म्हणाला, "पन बिस्किटं बेस झाली ना गो?"

त्यात टोमणा नव्हता. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. बायजाने ताट खाली ठेवलं आणि ती साहेबापुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, मना बिस्किटं येत नाय," ती म्हणाली. "मी बंगल्यावर भांडी घासायची. ही ठान्याहून आनली. मी अकरा वर्सं सगल्यांना खोटा सांगतंय."

साहेब हसला. गुणी माणसं आपले गुण लपवतात, असं काहीतरी शास्त्रीबुवांनी त्याला शिकवलं असावं. "हा आपला विनय आहे," तो म्हणाला आणि चौथं बिस्किट उचललं.

बायजाने गर्दीवर नजर फिरवली आणि ती ठमाबाईवर थांबली. अकरा वर्षं ज्या संधीची ठमाबाई वाट बघत होती ती तिच्यापुढे हात जोडून उभी होती. ठमाबाई पुढे आली. लग्न लावताना जो आवाज ती तीन अंगणांपलीकडे पोचवी त्या आवाजात तिने सांगितलं, "साहेब, ही पयल्यापासून खोटारडी हाय. हिला भाकर पन गोल येत नाय."

साहेबाने बिस्किट परत ताटात ठेवलं. "पाटील म्हणतात येते, ही बाई म्हणते येत नाही," तो विचार करून म्हणाला. "साक्षी परस्परविरुद्ध आहेत. तेव्हा प्रत्यक्ष पाहणे बरे. मी चार वाजेपर्यंत येथेच आहे. बाईंनी माझ्यासमक्ष बिस्किटे करावीत."

अंगणात चूल मांडली. सगळा पाडा बघत होता, साहेब बघत होता, त्र्यंबकराव टाक कानावर ठेवून बघत होता. बायजाने ठरवलं होतं की लोणी कमी घालायचं, पीठ कच्चं ठेवायचं. पण ती लोणी-साखर फेसायला बसली आणि हातांनी तिचं ऐकलंच नाही. तीन दिवसांत जे शिकायचं ते हात शिकून बसले होते. लगदा पांढरा आणि हलका झाला, पीठ त्यात नेमकं बसलं, मिठावर ठेवलेल्या थाळीतून असा वास सुटला की त्र्यंबकरावाने चटई दोन हात पुढे ओढली. परात उचलली तेव्हा बिस्किटं सकाळच्यापेक्षा सरस निघाली होती. साहेबाने बसल्या जागेवरून मान उंच केली, आणि राघो पाटलाच्या तोंडाला पाणी सुटलं तरी तो घाबरून गेला.

बायजाचा जीव आनंदाने भरून आला, हे लपवण्यात अर्थ नाही. सगळ्या पाड्यासमोर, ठमाबाईसमोर, तिच्या हाताने हे झालं होतं. आता थर चढवून चुलीच्या उबेला नुसतं ठेवलं असतं तर साहेबाचं तोंड बंद, ठमाबाईचं तोंड बंद, आणि आगरही बंद.

तिने थर चढवला. चांगला जाड चढवला. मग नव्या बिस्किटांचं ताट उचललं आणि चुलीपाशी न ठेवता ती अंगण ओलांडून सरळ खाडीच्या बांधावर गेली. दुपार कलल्यामुळे खाडीवरून खारा वारा सुटला होता, ओला, चिकट. तिने ताट बांधावर त्या वाऱ्याच्या तोंडी ठेवलं आणि पदर खोचून शेजारी बसली.

दुपारनंतर खाडीच्या वाऱ्यावर काही वाळत घालायचं नसतं, हे मिठागरात आंधळ्यालाही ठाऊक असतं. त्या अंगणात साहेब आणि कारकून सोडून ते ठाऊक नसलेलं एकही माणूस नव्हतं. राघो पाटील सवयीने बोलायला गेला, "अगो बायजे, तिकरं क..." ठमाबाईने त्याच्या पायावर पाय दिला आणि तसाच ठेवला. भिवा तर ताट उचलायला दोन पावलं पुढेही गेला होता. ओल्या वाऱ्यावरून माल उचलणं त्याच्या रक्तातच होतं. बायजाने त्याच्याकडे पाहिलं. तो थांबला, आणि जिथे होता तिथेच उकिडवा बसला. मग पाडाभर माणसं, जन्मभर मीठ पिकवलेली, एका ताटातली साखर मुकाट्याने भिजताना बघत राहिली.

चार वाजता ते ताट साहेबापुढे आलं आणि त्याने एक बिस्किट उचललं. बिस्किट मऊ पडलं होतं. वरचा थर सुटून सावकाश घसरला आणि त्याच्या बाहीवरून कोपरापर्यंत गेला. साहेबाने उरलेला भाग तोंडात घातला, न्यायाने शेवटपर्यंत चावला आणि रुमाल मागितला.

"बाई सत्य बोलत होती," तो म्हणाला. "तिला येत नाही. त्र्यंबकराव, लिहा."

त्र्यंबकरावाने खोडलेल्या "नाही"च्या वर पुन्हा एक "नाही" लिहिलं. आगर कायम झालं. खाली साहेबाच्या सांगण्यावरून आणखी एक ओळ लिहिली, की बाईने बाजारची बिस्किटे आपली म्हणून दाखवून सरकारी अंमलदारास भुलवण्याचा यत्न केला, सबब तिला ताकीद दिली आहे. मग साहेबाने सकाळची उरलेली बिस्किटं रुमालात बांधून घेतली आणि ती ठाण्यात नेमकी कुठे मिळतात ते विचारलं. "टेसनाजवल," बायजा म्हणाली. तो ते दुकान पुढे बरेच दिवस शोधत होता असं म्हणतात.

साहेब गेल्यावर भिवा फावडं घेऊन आगरात निघाला. जाताना तो बायजापाशी थांबला. त्याचे ओठ हलले, पण त्या तीन दिवसांत तो महिन्याभराचं बोलून बसला होता. त्याने तिच्या डोक्यावर एकदा हात ठेवला आणि गेला.

बायजा घरात येऊन भांडी घासायला बसली. आगर वाचलं याचा तिला आनंद होता, अगदी मनापासून. आणि तरी तिला रडू आवरत नव्हतं. खोटं होतं तोवर पाड्याने मानलं, आणि आता ते खरं झालं होतं, पण कारकून दर हंगामाला पाहणीला येणार, म्हणजे पाड्यात कुणी हे बोलूनही दाखवणार नाही. तिने कढत पाणी ओतून साखरेचं भांडं खरवडलं.

दारात सावली पडली. ठमाबाई आत आली आणि चुलीपाशी बसली. बांधावरून आणलेलं ताट तिथेच होतं. त्यातलं एक चिकट बिस्किट तिने उचललं, सगळं खाल्लं, बोटं चाटली आणि पदराला पुसली.

"माझे नातीची हलद हाय फाल्गुनात," ती म्हणाली. "पन्नास लागतील."

बायजा भांडं घासतच राहिली. "कोनी केली म्हनून सांगशील?"

"ठान्याहून आनली म्हनून."

"हां," बायजा म्हणाली. मग तिने भांडं खाली ठेवलं. "भायेर तसाच सांग. पन हितं एकदा बोल. हितं कोन नाय."

ठमाबाईने तिच्याकडे पाहिलं. उठून तिने दार लोटलं, कडी घातली, आणि परत येऊन बायजाच्या समोर बसली.

"तू केलीस," ती म्हणाली. लग्न लावणारा तो आवाज तिने इतका खाली आणला होता की चुलीपलीकडे ऐकू गेला नसता. "तूच केलीस गो बायजे. तुझे हातानं."

बायजाने मान हलवली. खाली ठेवलेलं भांडं तिने पुन्हा ओढून घेतलं.

"पन्नास म्हंजी साखर पुष्कल लागल," मग ती म्हणाली. "आनि पाटे लवकर ये. एकटीनं नाय व्हनार."